तिसरं नाव

होळी पहाटेच पेटली होती. बंजाऱ्यांच्या तांड्याची होळी पहाटेचीच असते. चांदण्या विझायच्या आत लाकडांना आग द्यायची आणि दिस वर आला की राखेला पाय लावून घरी फिरायचं. शिला घरी आली तेव्हा तिच्या पायांना दोन रंग होते. तळव्यांना राखेचा, आणि वर घोट्यापर्यंत हळदीचा. महिनाभर अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती. आज धुंडीला जागा हवी म्हणून तिनं आणि रुपानं ती ताडपत्रीसकट भिंतीकडे ओढून घेतली होती. सासू-सुनेनं एका बाजूनं मिळून ओढलेली वर्षभरातली ही पहिलीच गोष्ट.

आज नातवाची धुंड. घरात मुलगा जन्मला की पहिल्या होळीला तांड्यातली जवान पोरं, गेरिया, दारात येतात. लेकराच्या डोक्यावर आडवी काठी धरतात, तिच्यावर काठ्या वाजवतात आणि त्याला तीन नावांचा आशीर्वाद मिळतो. पणजाचं, आज्याचं, बापाचं. मगच लेकरू तांड्याचं होतं.

पणजा अंगणात बाजेवर बसला होता, पुनमचंद, तांड्याचा नायक म्हणजे प्रमुख. आजा, म्हणजे शिलाचा नवरा प्रेमदास, अकरा वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. आणि बाप पहाटे होळीपाशी दिसला होता. स्वप्निल. पळसाच्या रंगानं आणि काजळीनं तोंड माखून तो गेरियांच्या घोळक्यात नाचत होता. चार महिन्यांनी, काल रात्रीच आला होता. साऱ्या तांड्यानं त्याला ओळखलं, आणि कोणी त्याचं नाव घेतलं नाही.

शिला कढईसमोर बसली. रुपानं पुरी लाटून हातात दिली, पण हात मागं घेतला नाही.

"काय गं?"

"रात्री त्यायचा फोन चालू होता," रुपा हळू म्हणाली. "मी झोपेचं सोंग घेतलं. आज उन्हं कलली की नाक्यावर सुदामकाकाच्या धाब्यावर जीप येणार हाय. खेमा म्हणून कोणी हाय मुंबईचा, तो घेऊन जाणार."

"कशाला?"

"कामाला." रुपानं पोळपाटाकडे पाहिलं. सासूला ती आईसारखं याडीच म्हणायची. "या बारीला शटर न्हाई म्हणे, याडी. माणूस हाय."

कढईतली पुरी फुगली, तांबूस झाली, काळी झाली. शिलानं ती काढलीच नाही.

मागच्या खेपेला शटर होतं. दूरच्या कुठल्या शहरात खंडणी न देणाऱ्या एका मिठाईवाल्याच्या बंद शटरवर स्वप्निल आणि रतनसिंग दोघांनी गोळ्या झाडल्या होत्या. रतनसिंग तिथंच सापडला. त्याला ना वकील मिळाला ना कोणाचा फोन. दोघं पोलीस भरतीची तयारी करायचे. हिंगोलीच्या मैदानावर दिस उगवायच्या आधी पळायचे, त्यासाठी शिलानं हळद विकून पांढरे बूट घेऊन दिले होते. पळण्यात दोघं पहिले, छाती मोजताना दोघांचीही कमी भरली. त्या मैदानाच्या बाहेरच मुंबईच्या एका भाईच्या टोळीतल्या कोणीतरी मोबाईलमधून त्यांना हेरलं. पळता येतं, हाताला काम नाही, घरी सांगायला तोंड नाही. असली पोरं त्या लोकांना हवीच असतात.

"शाबासकी पाठवली त्यायला भाईनं," रुपा म्हणाली. "शाबास बेटा, तू मेरा शेर है. मधी खोकला येतो भाईला. आल्यापासून धा बार ऐकली. परवा पाण्यावर रतनसिंगच्या बहिणीनं मला तिच्या भावाला आलेला मेसेज ऐकवला. तीच शाबासकी. खोकलाबी तिथंच, शाबासच्या पुढं."

"सांगितलं त्याला?"

"सांगितलं. म्हणले, भाईला खोकल्याचा आजारच हाय."

मग शिलानं जळकी पुरी झाऱ्यानं काढली आणि चुलीत टाकली.

"सुदामभावजीला हाक मार," ती म्हणाली. "त्यायचंच ऐकंल तर ऐकंल."

*

विहिरीमागं पळसाखाली सुदाम पुतण्यापुढं उभा राहिला तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं, की पोरगं आपल्यापेक्षा हातभर उंच झालं आहे.

"काका, जीप आली की मिसकॉल मारा," स्वप्निल म्हणाला. "मी अर्ध्या घंट्यात पोचतो."

"बस जरा."

"उभ्यानंच सांगा. खुंटा उपटायला बोलावून राहिले."

सुदामनं खिशातून पुडी काढली, पुन्हा खिशात घातली. कनेरगाव नाक्यावर त्याचा धाबा होता. ट्रकवाले त्याला भाई म्हणत. तांड्यातली पोरं नाक्यावर उतरली की आधी त्याच्या पाया पडत. एकोणीस वर्षांचा असताना तो मुंबईला गेला आणि सहा वर्षांनी परत आला, तेव्हा त्याच्या आईनं, नानीबाईनं, त्याच्यावर लेंगी रचली होती. होळीचं गाणं. नानीबाईनं रचलेली लेंगी चार तालुक्यांत जायची.

कोण आलं गं माळावरून, उन्हासारखं न्हालेलं
सुदाम माझा मुंबईचा, वाघरू होऊन आलेलं
सात मजल्यांच्या माथ्यावर, उभा एकला राहिला
खाली सारा मुलूख त्यानं, मान वाकवून पाहिला

स्वप्निल हे गाणं ऐकत रांगला होता, ऐकत चालला होता.

"मी तिथं काय करत होतो, माहीत हाय तुला?" सुदामनं विचारलं.

"साऱ्या तांड्याला माहीत हाय."

"कबुतरं राखत होतो."

स्वप्निल हसला. "काय?"

"भाईची कबुतरं. सात मजल्याच्या गच्चीवर खुराडी होती. दाणा टाकायचा, पाणी बदलायचं, घाण काढायची. पायानं लंगडं झालेलं कबुतर दिसलं तर मान मोडायची. तेवढीच काय ती हिंसा केली म्या. भाईला मी दोनदा पाहिला, तेबी पाठमोरा. त्यानं मला कधी नाव विचारलं न्हाई."

"काका..."

"ऐक. ते सारं संपलं बाबा. मागच्या साली टायर आणायला गेलतो, तर मुद्दाम त्या गल्लीत जाऊन आलो. त्या इमारतीत आता पोरींची शिकवणी चालती. भाई परदेशात कुठं पडलाय, त्याचं रक्त मशीननं धुतात. त्याच्या नावाला आता कोणी भीत न्हाई, म्हणून तर शटरवर गोळ्या झाडाव्या लागतात. जुनी माणसं मेली, न्हाईतर आमदाराच्या मागं फिरतात. राहिला हा खेमा. त्याला तुमच्यासारखी पोरं पायजेत. एक बार वापरायची अन् फेकून द्यायची, चहाच्या कागदी कपावानी."

स्वप्निलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मोठ्या माणसानं लहानग्याच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"काका, तुमी भिऊन राहिले. माझ्यासाठी. समजतं मला. म्हणून कबुतरं सांगून राहिले."

"अरे आईशप्पथ..."

"दादीनं खोटं गाणं रचलं का मग?"

सुदामवरच्या त्या गाण्यातला एकही शब्द खोटा नव्हता. सात मजल्यांच्या माथ्यावर तो खरंच उभा होता, एकलाच. खाली मुलूखही पाहिला होता, मान वाकवून. आईला त्यानं परत आल्यावर सगळं सांगितलं होतं, कबुतरांसकट, तिच्या मांडीवर डोकं ठेवून. तिनं ऐकून घेतलं, रात्रभर विचार केला आणि सकाळी कबुतरं गाळून बाकीचं गाण्यात घातलं. रिकाम्या हातानं आलेल्या लेकाला तांड्यात मान वर करून चालता यावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

"मिसकॉल मारा," स्वप्निल म्हणाला, आणि पांढऱ्या बुटांनी पळसाची फुलं तुडवत निघून गेला.

*

"न्हाई ऐकत," सुदामनं येऊन सांगितलं आणि तो भिंतीला टेकून बसला.

शिलानं पदर सारखा केला आणि ती बाजेपुढं जाऊन उभी राहिली. सासऱ्यासमोर ती तीस वर्षांत कधी आपणहून बोलली नव्हती.

"बा, परवा फौजदार आला होता. त्याला तुमी म्हणले, पोरगं इथं न्हाई."

"तवा नव्हतं," पुनमचंद म्हणाला.

"आता हाय. त्याला बोलवा. त्याच्या हाती दिलं तर जितं राहील. आज जीपमधी बसलं तर कोणाला तरी मारील, न्हाईतर स्वतः मरल."

म्हाताऱ्यानं हातातली काठी बाजेला टेकवली.

"पोरी, माझा आजा रोज चावडीवर हजेरीला जायचा. गुन्हा काय, तर जात; सरकारनं साऱ्या जातीलाच गुन्हेगार ठरवलेलं. पाहुण्याच्या गावाला जायाचं तरी पाटलाची चिठ्ठी लागायची. घरात बाई बाळंत झाली तरी हजेरी चुकायची न्हाई. त्यानं मरताना माझ्या बापाकडून वचन घेतलं, का तांड्याचा नायक तांड्याचं पोरगं कधी आपल्या हातानं शिपायाला देणार न्हाई. ते मी मोडू?"

"त्यायनं न केलेल्या गुन्ह्याची हजेरी दिली, बा. ह्यानं केलाय."

"नसाब बसवू. पंच काय ते ठरवतील."

"जीप उन्हं कलताना येणार हाय. पंच कवा बसायचे?"

पुनमचंदनं मान फिरवली. बाजूला खांबाला टेकून त्याची म्हातारी, नानीबाई बसली होती.

"याडी, तुमी तरी बोला," शिला म्हणाली.

"मी काय बोलू?" नानीबाई म्हणाली. "मला गाता येतं."

"तुमच्या गाण्यानंच..." शिलाच्या तोंडून निघालं, आणि तिनं ओठ दाबले.

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. धुण्यावर दुसऱ्या बाईचा समजून उचललेला पिळा आपलाच निघावा, तसं.

शिला घराच्या मागं गेली. रुपा तिथं होती, काखेत लेकरू, हातात मोबाईल. स्वप्निलनंच दिवाळीला पाठवलेला मोबाईल. फौजदारानं परवा जाताना शिलाच्या हातावर पेननं नंबर लिहिला होता. तिनं तो दोन दिवस हळदीच्या हातानंही पुसू दिला नव्हता.

"मला दाबता येत न्हाई," शिला म्हणाली.

"मी दाबते. तुमी बोला."

"तू बायको हायस त्याची. उद्या तुला बोल लागंल."

"लागू द्या." रुपाचा आवाज फुटला. "जेलात भेटायला तरी जाता येतं, याडी. लेकरू कडेवर घेऊन जाईन. रतनसिंगची बहीण जाती ना."

शिला फोनमध्ये थोडंच बोलली. तांड्यात येऊ नका. लेकराची धुंड होऊ द्या. नाक्यावर घ्या, धाब्यावर. मारू नका. हे शेवटचं ती दोनदा बोलली.

*

खुंटा अंगणाच्या मधोमध रोवला होता. त्याला पुऱ्यांचं गाठोडं बांधलेलं, भोवती बायका हिरव्या फोकांनी सज्ज. गेरियांनी खुंटा उपटायचा आणि बायकांनी त्यांना झोडपायचं, हा होळीचा खेळ. डफडं वाजू लागलं. पोरं ओरडत धावली.

स्वप्निल सगळ्यांच्या पुढं होता. गेले चार महिने तो कुठल्या कुठल्या खोल्यांत राहिला होता. एका खोलीत सहा पोरं, कोणाचं खरं नाव कोणाला माहीत नाही. संडासची रांग, वडापाव, आणि फोनची वाट. तिथं झोप लागत नसली की तो डोळे मिटून हाच खुंटा आठवायचा. हेच अंगण, हीच हळदीची भिंत. आपण परत जाऊ तेव्हा दादी लेंगीत आपलं नाव घालेल. मैदानावर छाती मोजणाऱ्या साहेबानं "पुढचा" म्हणून टेप गुंडाळली, तेव्हापासून त्याला एवढंच हवं होतं. कोणीतरी आपलं नाव मोठ्यानं घ्यावं.

फोक पाठीवर बसू लागले. बायका हसत होत्या, शिव्या देत होत्या. "अरे माकडा, घरी बायकोचा मार कमी पडतो का?" "ये रे, तुझ्या सासूचा हिशेब चुकता करते!" स्वप्निलनं खुंट्याला दोन्ही हात घातले. एवढ्यात एक फोक वेगळा बसला. त्यात हसणं नव्हतं. पुन्हा बसला. त्यानं तोंड वळवलं. आई होती. तिनं बूट पाहून ओळखलं होतं.

"याडी, लागतं ना!" तो हसून म्हणाला.

"लागू दे."

"हळू मार की गं."

"हळूच मारत आले रे," शिला म्हणाली आणि तिनं पुन्हा फोक उचलला. भोवतालच्या बायकांचं हसणं एकेक करून थांबलं. फोक तुटला, तेव्हा तिच्या हातात वीतभर काडी राहिली आणि ती त्या काडीनंही मारत होती. डफडं वाजवणाऱ्याला काही कळेना, तो वाजवतच राहिला.

स्वप्निलनं खुंटा उपटला. पोरांनी जल्लोष केला. त्याच्या पाठीवर सदरा फाटला होता, पण तो हसतच होता, कारण रडायचं नव्हतं.

*

रुपा लेकरू मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. दोन गेरियांनी लेकराच्या डोक्यावर लांब काठी आडवी धरली. एका टोकाला स्वप्निल होता. बाकीच्यांनी आपापल्या काठ्या उगारल्या. नानीबाई उठली. तिच्या हातातली पांढऱ्या बांगड्यांची बलोयं खणखणली, बाहीवरची आरशाची टिकली उन्हात चमकली आणि लेकरानं ती पकडायला हात पुढं केला.

नानीबाईला आयुष्यात कधी शब्द शोधावा लागला नव्हता. शब्द तिच्याकडे संध्याकाळच्या गुरांसारखे आपणहून घरी यायचे. आज मात्र ती गोठ्याच्या दारात उभी होती आणि एक वासरू येत नव्हतं. सकाळपासून तिनं सगळं पाहिलं होतं. विहिरीकडून खाली मानेनं आलेला सुदाम. घरामागं गेलेल्या दोघी, आणि परत आलेल्या दोघी, वेगळ्याच झालेल्या. तिला सांगायची कोणाला गरज नव्हती.

तिनं सूर लावला.

वाढ रे लेकरा, वेळूवानी वाढ
पुनमचंदावानी, खऱ्याचा निवाडा काढ

काठ्या खाडकन वाजल्या. लेकरू दचकलं, मग हसलं.

वाढ रे लेकरा, माळावरचं झाड
प्रेमदासावानी, मातीवर माया धाड

काठ्या पुन्हा वाजल्या. शिलानं डोळे पुसले. आता तिसरं नाव. पोरांनी काठ्या वर नेल्या. स्वप्निलची मान ताठ झाली. रंगाखाली त्याचा चेहरा लहान मुलाचा झाला होता, भाकरीच्या तुकड्यासाठी आईच्या हाताकडे पाहणाऱ्याचा.

वाढ रे लेकरा, नानीबाई म्हणाली, आणि थांबली.

काठ्या हवेत तशाच राहिल्या. बाजेवरून पुनमचंद उठून उभा राहिला.

"दादी," स्वप्निल म्हणाला. "माझं नाव घे ना."

"तुझं नाव तू मुंबईला देऊन आला," नानीबाई म्हणाली. "तिकडून सोडवून आण. मी हितंच हाय."

"दादी, सगळे बघून राहिले."

"बघू दे."

आणि तिनं पुढची ओळ म्हटली.

वाढ रे लेकरा, अंगणीचा मोर
शिलावानी छातीचा, हो रे माझ्या पोर

बाईचं नाव धुंडीत आजवर कोणी घेतलं नव्हतं. गेरिया एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी पुनमचंदनंच आपली काठी उचलली आणि हळूच आडव्या काठीवर टेकवली. मग बाकीच्या पडल्या, मागंपुढं, ताल सोडून.

स्वप्निलनं हातातलं टोक सोडून दिलं. लेकराच्या डोक्यावर काठी पडायच्या आत रुपानं ती कोपरानं झेलली. तो तिच्याकडे वळला नाही. हौदावर जाऊन त्यानं तोंड धुतलं, आणि साऱ्या तांड्यासमोर उघड्या तोंडानं उभा राहिला.

"काका, चला."

सुदाम मोटरसायकलीकडे गेला. शिला त्याच्या मागोमाग गेली. तिनं हँडलवर हात ठेवला.

"भावजी, गाडी हळू चालवा."

तिच्या तळहातावरचा निळा आकडा त्यानं पाहिला. मग तिच्या डोळ्यांकडे. त्यानं मान हलवली आणि गाडीला किक मारली.

*

त्यानं गाडी हळू चालवली. वाटेत एकदा चाकात हवा कमी आहे म्हणून थांबला, एकदा ओळखीच्या माणसाशी उगाच बोलला. स्वप्निल मागं बसला होता. एकदाच म्हणाला, "लेकरू माझ्यासारखं दिसतं ना, काका?"

"बराबर तुझ्यासारखं."

धाब्यावर उन्हं कलली. स्वप्निलनं सुदामचा इस्त्रीचा सदरा मागून घातला, केस ओले करून भांग पाडला आणि बाहेरच्या बाकावर रस्त्याकडे तोंड करून बसला. वाशीमकडून ट्रक येत होते, हिंगोलीकडून एसटी येत होत्या. प्रत्येक जीपला तो अर्धा उठायचा. सेनगावच्या, सोयाबीनची पोती भरलेल्या, लग्नाच्या. त्यानं खेमाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग त्यानं भाईची शाबासकी लावून ऐकली, खोकल्यासकट, आणि मोबाईल मांडीवर पालथा ठेवला.

"येतील," तो म्हणाला. "ट्रॅफिक असंल."

सुदामनं त्याच्यापुढं चहा ठेवला. त्याला वाटलं, आता उठवावं आणि म्हणावं, चल घरी, कोणी येत नाही. पोरगं उठलंही असतं. पण समोरच्या पंक्चरच्या दुकानात मघापासून दोन माणसं बसली होती, आणि त्यांच्या गाडीला पंक्चर नव्हतं.

त्यांनी फार झटापट केली नाही. स्वप्निल पळू शकला असता, पळण्यात तो पहिला होता. पण तो पळाला नाही. दोन्ही दंड धरलेले असतानाही तो रस्त्याकडेच पाहत होता, जीप आता येईल आणि सगळ्यांना दाखवील म्हणून. फौजदारानं शिलाच्या म्हणण्याप्रमाणे हात उचलला नाही. गाडीत बसवताना तो सुदामला म्हणाला, "त्या खेमाला काल रात्रीच उचललंय मुंबईत. दुसऱ्याच कुठल्या भानगडीत. त्याच्या फोनात तर ह्याचं नावसुद्धा नव्हतं. 'हिंगोली दोन' असं लिहिलं होतं."

गाडी गेली. बाकावर चहा तसाच होता, त्यावर साय धरलेली.

*

सुदाम तांड्यावर आला तेव्हा अंगणात हळद पुन्हा पसरलेली होती. दोघींनी ती जागेवर ओढली होती. बातमी त्याच्याआधी आली होती, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. गेरिया कुंपणापाशी घोळका करून उभे होते. पुनमचंद भिंतीकडे तोंड करून निजला होता.

शिला उंबऱ्यात बसली होती, मांडीवर नातू.

"मारलं का?"

"न्हाई, वैनी. बोटबी लावलं न्हाई."

तिनं श्वास सोडला. दुसरा प्रश्न विचारायच्या आधी तिनं लेकराचं अंगडं सारखं केलं. सुदामला तो कळला होता. संध्याकाळभर रस्त्यानं तो ह्याच प्रश्नाला घाबरत आला होता.

"जीप आली होती का, भावजी?"

नाही, असं म्हटलं की ही बाई जन्मभर काय झोपेल? ज्या जीपच्या भीतीनं आपण पोराला शिपायाच्या हाती दिलं, ती जीप नव्हतीच. संध्याकाळी पोरगं रिकामे हात हलवत परत आलं असतं, लाजून, कढईतली उरलेली पुरी खायला. रुपानंही पाटावरून मान वर केली होती.

"आली होती," सुदाम म्हणाला. "काळ्या काचांची. पोलीस दिसले अन् मागच्या मागं फिरली. आत चारजण होते. एक पळ उशीर झाला असता, तर गेलं होतं पोरगं."

शिलानं डोळे मिटले. तिच्या गालांवरून पाणी आलं आणि ती पहिल्यांदा मोकळी रडली. रुपानं येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

खांबापाशी नानीबाई बसली होती. लेक खोटं बोलताना त्याचा डावा डोळा कसा बारीक होतो, हे तिला तो रांगत होता तेव्हापासून माहीत होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. सुदामनं नजर खाली घातली. मायेपोटी असं रचून सांगायचा रस्ता तिनंच त्याला दाखवला होता.

कुंपणापाशी मात्र शब्द पोचला होता. काळ्या काचा. चारजण. पोरं आपसात कुजबुजली. कोणीतरी डफड्यावर थाप मारली, कोणीतरी ती सावरून ताल धरला, आणि ताल नानीबाईचाच होता, जुना, चार तालुक्यांत गेलेला.

कोण आलं गं नाक्यावरती, काळ्या काचांची गाडी
स्वप्निलभाऊ घेऊन या, भाई निरोप धाडी

"थांबवा," शिला म्हणाली. "याडी, थांबवा त्यायला."

नानीबाई कुंपणापर्यंत गेली. तिनं हात वर केला. पोरांना वाटलं, दादी ताल देते आहे. पोरं हसली, आवाज वाढला. घोळक्यातल्या अगदी कोवळ्या पोरांचे डोळे होळीच्या निखाऱ्यांसारखे पेटले होते. म्हातारी ओरडली, तिचा आवाज डफड्यात बुडून गेला. गाणं आता तिचं राहिलं नव्हतं.

शिलाच्या मांडीवरलं लेकरू जागं झालं. त्यानं कान टवकारले, आणि इवलेसे पाय तालावर हलवू लागलं. शिलानं त्याचे दोन्ही पाय मुठीत धरले. घट्ट. सोडले की ते पुन्हा हलत.